पंचेचाळीस की चोपन्न

तेहतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. पाच जज्जांच्या हाताखाली काम केलं. त्यांतले दोघे तोंडात पान धरूनच डिक्टेशन द्यायचे, एकाला वाक्य अर्ध्यावर सोडून पंख्याकडे बघत बसायची खोड होती, तरी एकानेही माझ्या कागदावर कधी लाल रेघ मारली नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्यात माझा तोरा किती होता, ते मग वेगळं सांगायला नको.

माझं नाव सरोजा. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत माझा थोरला भाऊ रंगराव, म्हणजे अण्णा, त्याची मुलगी विनुता आणि मी असे तिघे राहतो. वहिनी जाऊन आठ वर्षं झाली. विनुता पुण्यात सहा वर्षं राहून माशांवर डॉक्टरेट करून आली आणि आता इथल्या एका कॉलेजात शिकवते. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही, आणि त्याच घरातली पोरगी गुडघाभर चिखलात उतरून मासे धरते, ह्याचा अण्णाला इतका संकोच की कुणी पुसलं तर 'सायन्स टीचर' एवढंच सांगून तो विषय बदलतो.

दोन वर्षांपूर्वी तिरुवैयारुच्या अलीकडच्या एका वाय्क्कालात, म्हणजे कावेरीचं पाणी शेतांकडे नेणाऱ्या पाटात, तिला बोटाएवढा एक केंडै मासा मिळाला. केंडै इथे शेंबडं पोरही ओळखतं. पण हा अंगाने सडपातळ होता. शंभर भाग लांबी धरली तर नेहमीच्या केंडैची पोटापाशी रुंदी तेहतीस भाग भरते, ह्याची बरीच कमी दिसत होती. विनुता त्या दिवशी चिखलाच्या पायांनी थेट देवघराच्या दारात आली, फोनवरचा फोटो पुढे केला आणि म्हणाली, "आत्या, हा कुणीच अजून बघितलेला नाही." मी म्हटलं, "बघितला असेल गे, तळून खाल्ला असेल." पण तिचा चेहरा असा उजळला होता की मी तिला पाय धुवायलाही सांगितलं नाही.

नव्या जातीचं वर्णन करायचं म्हणजे मासा मिळाला, फोटो काढला, बस झालं, असं नसतं. तिने तीस मासे गोळा केले, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधली आणि बरण्यांत स्पिरिटमध्ये ठेवले. मग प्रत्येकाची बावीस बावीस मापं. लांबी, रुंदी, डोळा, पर, शेपटीचा देठ, काय काय. अण्णाचा हुकूम होता की बरण्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. म्हणून मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी, एक टेबल मांडलं. रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी दोन तास ती तिथे बसायची. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात मापाचा कॅलिपर, डोळा भिंगाला. लिहायला तिसरा हात कुठून आणणार? तो हात मी दिला.

पहिल्याच दिवशी ती इंग्रजीत सुरू झाली, "फॉर्टी-फाइव्ह पॉइंट टू."

"मराठीत सांग," मी म्हटलं. "मराठीचं घर आहे हे."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. आदल्याच दिवशी ती मला हसली होती. मी म्हणाले, "तुला कालच पुसलं होतं मी," तर ती म्हणाली, "आत्या, पुण्यात फक्त फरशी पुसतात. माणसाला विचारतात." आणि वर, "तुमची मराठी ना, काचेच्या कपाटात ठेवायला हवी." प्रेमाने म्हणाली, पण मला झोंबलं. साडेतीनशे वर्षं आम्ही ही भाषा ह्या गावात सांभाळली. भाजीवाल्याशी तमिळ, साहेबाशी इंग्रजी, आणि उंबऱ्याच्या आत मराठी. आता सहा वर्षं पुण्यात काढलेली पोर मला सांगणार, कुठलं क्रियापद कुठे लावायचं?

"येतील ना आकडे?" तिने पुसलं. हो, पुसलंच म्हणणार मी.

"न यायला काय झालं? सांग तू."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. स्टेनोचा हात डोक्यासाठी थांबत नाही. कानात पडलं की कागदावर उतरतं, तसाच तो घडवावा लागतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत एक जाडं रजिस्टर माझ्या अक्षराने भरलं. एक खाडाखोड नाही. विनुताने ते आकडे कॉम्प्युटरवर चढवले, लेख लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला. घाईतच पाठवला, कारण दुसऱ्या कुठल्याशा संस्थेतल्या मंडळींना तोच मासा नदीच्या खालच्या अंगाला मिळाल्याची कुणकुण तिच्या कानावर आली होती. ह्या विद्येत नियम एकच. ज्याचं वर्णन आधी छापून येईल त्याचं नाव माशाला लागतं. दुसरा मागाहून कितीही चांगलं लिहू दे.

पोंगलच्या दिवशी जेवताना तिने नाव सांगितलं. माशाच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'सरोजाए'. बाईवरून नाव ठेवलं की शेवटी 'ए' लावतात म्हणे.

"ऐयो, काय गे हे," मी म्हटलं. "उद्या बाजारात लोक म्हणतील, अर्धा किलो सरोजा दे."

अण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी रागावल्यासारखं केलं, भात वाढायला उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. माझं लग्न झालं नाही. ज्या हजारो कागदांवर मी टाईप केलं त्यांवर सही जज्जाची, नाव वादी-प्रतिवादीचं. माझं नाव पेन्शनच्या पुस्तकावर आणि गॅसच्या कार्डावर, बाकी कुठे नाही. आणि आता जगभरच्या ग्रंथांत, मी मेल्यावरही, सरोजाए. मला आनंद झाला. साठी उलटल्यावर एवढा आनंद होतो हे मला ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये पत्र आलं. बुधवारी आलं, पण विनुताने ते दोन दिवस स्वतःपाशीच ठेवलं. शुक्रवारी ती कॉलेजला गेलीच नाही. अण्णा एका लग्नाला कुंभकोणमला गेला होता. अकराच्या सुमाराला तिने मला समोर बसवलं.

"आत्या, लेख तपासणाऱ्यांपैकी एकाने हरकत घेतली आहे. आपल्या तक्त्यात एक मासा काडीसारखा आणि एक फुगलेला. रुंदी बावीस भागांपासून पस्तीस भागांपर्यंत. एका जातीत इतका फरक होतच नाही. ते म्हणतात, एक तर तुम्ही नेहमीचा केंडै आणि दुसरं काहीतरी एकत्र केलंत, नाही तर मापं निष्काळजीपणाने घेतलीत."

"निष्काळजी? तू?"

"आज संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं आहे. नाही तर लेख परत. परत आला की दुसरीकडे पाठवून सगळं पहिल्यापासून. तोवर ते लोक छापून मोकळे होतील."

"रजिस्टर बघितलंस?"

"दोन दिवस तेच बघते आहे. कॉम्प्युटरवरचा प्रत्येक आकडा रजिस्टरशी जुळतो. तुमच्या अक्षरात शंका घ्यायला जागाच नाही." हे म्हणताना तिचा आवाज फुटला. "माझंच मोजण्यात चुकलं असणार. भिंगात बघून बघून डोळे गेले असतील माझे."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या तपासणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. नवे मासे आणावेत तर मेट्टूर धरणाचं पाणी जानेवारीतच बंद झालेलं. वाय्क्कालात आता शेळ्या चरत होत्या.

"गुरुमूर्तीसरांना पुसू," ती म्हणाली. घाईत तिच्या तोंडून आमचाच शब्द निघाला, तिच्या लक्षातही आलं नाही. गुरुमूर्ती म्हणजे तिच्या कॉलेजातले नुकतेच निवृत्त झालेले प्राध्यापक. त्यांनी नंबर बदलला होता आणि नवा नंबर तिच्या वहीत होता. तिच्या फोनची बॅटरी संपली होती. "तुमच्या फोनवरून लावा, आत्या. मी सांगते."

ती पुण्याच्या पद्धतीने दोन-दोन आकडे जोडून सांगत गेली. शेवटची जोडी होती पंचेचाळीस. मी दाबलं आणि फोन कानाला लावला. पलीकडे कुणी अनोळखी बाई. मागे कढईत काहीतरी तडतडत होतं. गुरुमूर्ती इथे कोणी नाही म्हणाली आणि तिने फोन आपटला.

"द्या इकडे," विनुता म्हणाली, आणि वहीत बघून तिने स्वतः नंबर लावला. लागला. तिने स्पीकर सुरू केला.

सर तमिळमध्ये शांतपणे बोलत होते. मासे ऑक्टोबरात धरले ना? मग फुगलेले आहेत त्या अंड्यांनी भरलेल्या माद्या असणार. किती आहेत? अकरा? काढून टाक. तसं पत्रात लिही, अंडी भरलेल्या अकरा माद्या वगळल्या. एकोणीस राहतात, एकोणीस पुरेत. तक्ता स्वच्छ दिसेल. आजच पाठव, उशीर करू नको.

विनुताने फोन ठेवला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. "हे मला का सुचलं नाही? अंडी! असणारच. आत्या, कॉफी द्या ना."

मी कॉफी केली, पेला-डबऱ्यात ओतून तिच्यापुढे ठेवली. ती लॅपटॉपवर बसली. माझा फोन टेबलावर होता, तो उचलला. त्यावर दोन नंबर एकाखाली एक दिसत होते. खालचा मी लावलेला, वरचा तिने लावलेला. दोन्ही सारखे, फक्त शेवट वेगळा. तिचा पंचेचाळीसवर संपत होता. माझा चोपन्नवर.

मी ते दोन्ही आकडे मनातल्या मनात तमिळमध्ये पुन्हा वाचले.

खरं सांगायचं तर आम्ही मराठीत मोजत नाही. दुधाच्या पिशव्या, देवळातल्या प्रदक्षिणा, कुकरच्या शिट्ट्या, सगळं तमिळमध्ये. आईने मला मराठी आकडे शिकवले ते तीसपर्यंत. त्यापुढचे आकडे मी फक्त ऐकलेले. तमिळमध्ये आधी दहाचा आकडा येतो आणि मग सुटा, नापत्तंजु, चाळीस आणि पाच. लिहिण्याचा क्रमही तोच. मराठी उलटी चालते. पंचेचाळीसमध्ये आधी पाच ऐकू येतात, मग चाळीस. आणि माझा हात, तो फुशारलेला हात, जे आधी ऐकू आलं ते आधी लिहीत गेला. पाच, मग चार.

नेहमी नाही. कधी डोकं जागं असायचं, कधी नसायचं. तेहतीस आणि चव्वेचाळीस मात्र माझ्या हातून कधीच चुकले नसतील.

तरी मी स्वतःशी भांडले. एका फोन नंबरावरून काय सिद्ध होतं? कोर्टात असला पुरावा कोणी ऐकूनही घेतला नसता. विनुताच्या कोपराशी रजिस्टर होतं. "पुसायला घेते टेबल," म्हणून मी ते उचललं आणि मागच्या पडवीत गेले.

रजिस्टरमध्ये एकोणीस नंबरचा मासा पंचेचाळीस मिलिमीटर, सहा नंबरचा चोपन्न. एकोणीस नंबर माझ्या लक्षात होता. तो मोजताना विनुता म्हणाली होती, "सगळ्यांत मोठा हाच." मग सगळ्यांत मोठा पंचेचाळीस कसा?

मी उभ्या आयुष्यात मासळीला हात लावलेला नाही. त्या बरणीचं झाकण फिरवलं आणि ते स्पिरिट नाकात गेलं. चिमटा मला धरता येईना. शेवटी हातच घातला. सहा नंबर सापडला. दुसऱ्या बरणीतून एकोणीस. दोघांना धुण्याच्या दगडावर शेजारी शेजारी ठेवलं. माप घ्यायची गरजच नव्हती. एकोणीस नंबर सहापेक्षा बोटाच्या नखाएवढा जास्त लांब भरत होता. ज्याच्यापुढे मी चोपन्न लिहिलं होतं तो आखूड होता. लांबी कमी लिहिली की भागाकारात मासा फुगणार, जास्त लिहिली की काडी होणार.

दोन वाजले होते. मी दगडाच्या कडेवर बसले.

सांगितलं तर काय होईल ह्याचा हिशेब मला लागत होता. कुठला आकडा उलटा आणि कुठला सरळ हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणजे तीसही मासे पुन्हा मोजायचे, मुदत गेली, ते लोक पुढे गेले. आणि खरे आकडे आल्यावर मासा सडपातळ निघालाच नाही तर? नेहमीचाच केंडै निघाला तर? पोरीची दोन वर्षं गेली, आणि तीही माझ्यामुळे. नाव तर गेलंच.

आणि न सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. अकरा जाडे काढायचे, पत्र पाठवायचं, एप्रिलमध्ये छापून येईल, सरोजाए. फक्त उरलेल्यांतले बरेचसे खोटे बारीक. विनुता खोटं बोलत नव्हती, तिला ते ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते एका मला. मी स्वतःला सांगितलं, अंड्यांचं खरंही असेल. सर एवढे शिकलेले. मी कोण? मी लिहिणारी. हे सांगताना मला स्वतःची जी शिसारी आली ती मासा धरतानाही आली नव्हती.

"आत्या!" आतून हाक आली. "पत्र वाचता का? इंग्रजी तुमचं पक्कं आहे."

मी हात धुतले, दोनदा साबण लावला, आत गेले. पत्र चांगलं लिहिलं होतं. आभार, खुलासा, आणि मध्ये ते वाक्य: अंडी भरलेल्या अकरा माद्या मापांतून वगळल्या आहेत. असली वाक्यं मी आयुष्यभर टाईप केली. खाली 'वर लिहिलेलं सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे' असं टाईप करायचं आणि कोणाच्या तरी सहीसाठी पुढे करायचं.

"एक स्वल्पविराम राहिला," मी म्हटलं, आणि दाखवला. तिने घातला. "सरी, बरोबर. छान आहे," असंही म्हटलं मी. हो, म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

चार. साडेचार. ती तक्त्यातल्या ओळी काढत होती. दर ओळ काढली की ओठ हलवत मोजायची. मी दारात उभी होते. तिच्या मानेवर घामाने केस चिकटले होते. तीन वर्षांची असताना ज्वर चढला की असेच चिकटायचे.

"झालं," ती म्हणाली. "आता फाईल जोडते आणि पाठवते."

मी मागे गेले. स्वयंपाकघरातलं स्टीलचं झाकण घेतलं, दगडावरचे दोन्ही मासे त्यावर ठेवले, कॅलिपर उचलला, आणि उंबरा ओलांडून आत आले. आमच्या घरात पहिल्यांदा मासळी आली ती माझ्या हातून. ते झाकण मी तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"आत्या! हे काय, घरात? बाबा येतील आता!"

"मोज."

"पाच मिनिटांत पाठवायचं आहे मला."

"मोज म्हणते ना, विनुता."

माझा आवाज कसा निघाला माहीत नाही, पण तिने मुकाट्याने कॅलिपर घेतला. सहा नंबर. तिने आकडा बघितला, कपाळाला आठी पडली. एकोणीस नंबर. मी तिच्यापुढे रजिस्टर उघडून धरलं. ती रजिस्टरकडे बघत राहिली, मग माशांकडे, मग माझ्याकडे.

"तू पंचेचाळीस म्हणायचीस," मी म्हटलं, "आणि मी चोपन्न लिहायची. तिसाच्या पुढचे मराठी आकडे मला येत नाहीत. कधीच येत नव्हते."

तिने कॅलिपर झाकणावर ठेवला.

"मी पुसलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी पुसलं होतं. येतील ना म्हणून. एवढंच सांगायचं होतं, आत्या, की येत नाहीत! इंग्रजीत सांगितलं असतं, तमिळमध्ये सांगितलं असतं! दोन दिवस मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा विचार करते आहे!"

ती ओरडली. माझ्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं, पाच जज्जांपैकी एकही नाही. मी ऐकून घेतलं. रडू आलं ते गिळलं, कारण रडायचा हक्क त्या घटकेला तिचा होता. मग तिने लॅपटॉप ओढला, लिहिलेलं पत्र पुसून टाकलं आणि दुसरं लिहिलं, चार ओळींचं. मापं नोंदवताना चूक झाली आहे, सगळे मासे पुन्हा मोजतो आहोत, आठ दिवस द्यावेत. चूक कोणाची ते लिहिलं नाही. पाचला दोन मिनिटं असताना ते गेलं.

संपादकाने आठ दिवस दिले. शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा पडवीत बसलो. अण्णाला मी सगळं सांगितलं होतं, मासे आत आणल्याचंसुद्धा. त्याने गोमूत्र शिंपडलं आणि मग, न सांगता, आमच्यासाठी एक पंखा आणून लावला.

विनुताने चिमटा उचलला. "कुठल्या भाषेत सांगू?" तिने कोरड्या आवाजात पुसलं.

"तमिळ," मी म्हटलं. मराठीच्या घरात मी हे म्हटलं.

"नापत्तंजु," ती म्हणाली, आणि मी चार लिहिला, मग पाच. लिहिलेला आकडा मी परत वाचून दाखवायची. ती मान हलवायची आणि मगच पुढचा मासा घ्यायची. पहिल्याचा भागाकार तिने तिथेच फोनवर केला. तेहतीस आला असता तर सगळं संपलं होतं.

"सत्तावीस," ती म्हणाली.

दुसरा सत्तावीस. तिसरा अठ्ठावीस. पहिल्या तक्त्यातला काडीसारखा होता तो सत्तावीस, फुगलेला होता तो अठ्ठावीस. आधी नुसती लांबी-रुंदी घेतली, बाकीची मापं पुढच्या दिवसांसाठी ठेवली; रविवारी दुपारपर्यंत तीसच्या तीस मासे त्याच दोन आकड्यांत येऊन बसले. एकही मासा जाडा नव्हता, एकही काडी नव्हता, आणि अंडी कुणाच्याच पोटात मापाला लागण्याएवढी नव्हती. सगळे एकाच आईची लेकरं असल्यासारखे. शेवटचा मासा बरणीत सोडून विनुताने भिंगावरून डोळा काढला. "नवा आहे, आत्या," ती म्हणाली. "खराच नवा आहे." आणि त्या स्पिरिटच्या हातांनीच तिने माझे हात धरले.

सगळा तक्ता बदलला म्हणून लेख पुन्हा तपासणीला गेला. त्यात पाच आठवडे गेले. मेच्या शेवटी तो छापून आला. मी तो तिच्या लॅपटॉपवर बघितला, माशाचं चित्र, वाय्क्कालाचं चित्र, आणि वर तिरप्या अक्षरांत माझं नाव. मी मोठ्याने वाचलं. विनुता पडद्याकडे बघत नव्हती.

"काय झालं?"

तिने दुसरं पान उघडलं. त्यावरही तोच मासा होता. वेगळी माणसं, वेगळं नाव. त्यांनी नदीवरून ठेवलेलं.

"त्यांचं आधी आलं," ती म्हणाली. "नऊ दिवस आधी."

पंचेचाळीस आणि चोपन्न ह्यांच्यातही नऊचंच अंतर. हे मला लगेच दिसलं, आणि ह्या वेळी मी आकडा बरोबर काढला होता.

"तेव्हा मार्चमध्येच पाठवलं असतं तर?" मी पुसलं.

"आपलं आधी आलं असतं." ती खोटं सांगत नाही. मग तिने त्यांचा तक्ता खाली सरकवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. त्यांच्या माशांची रुंदी. सत्तावीस, अठ्ठावीस. "आणि आज सगळ्यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघितले असते. आपला खोटा, त्यांचा खरा. मग मी पुन्हा कुठल्या माशाला नाव द्यायला उभी राहू शकले नसते."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. वाईट जास्त. पोंगलच्या दिवशी भिंतीला टेकून उभी होते तशी आता उभी राहायला भिंतही जवळ नव्हती. "मग त्या नावाचं काय होतं?" मी पुसलं. "सरोजाएचं?"

"ते चालत नाही. पण यादीत राहतं. ह्या माशावर जो कोणी लिहील त्याला खरं नाव वर आणि हे खाली, दोन्ही द्यावी लागतात. शंभर वर्षांनीसुद्धा. ते कधी कुणी पुसत नाही, आत्या."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुझं पुसणं की माझं?"

मग तिने तो हिरवा-काळा, सडपातळ मासा पडद्यावर मोठा केला, माझ्या खुर्चीला खुर्ची लावली आणि म्हणाली, "दोन्ही."